तळघराची चौथी पायरी

टॉर्सन तळं, मंगळवार
(किंवा बुधवार, कॅलेंडर तळघरात होतं)

आदरणीय ऑर्विलमामांना एमेटचा नमस्कार.

आधी कान पकडतो. हे पत्र मी एप्रिलपासून लिहितोय. दोनदा पेन सापडलं नाही, सापडलं तेव्हा मी मोंटानात मधमाश्यांच्या पेट्या उतरवत होतो (डावा कान अजून उजव्यापेक्षा मोठा आहे), आणि उरलेले महिने निव्वळ आळस. तुमचा गुडघा कसा आहे? गाई बऱ्या आहेत ना? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे हेडविगमावशी तसं म्हणते.

मी मावशीकडे दोन दिवसांसाठी म्हणून आलो, त्याला सहा आठवडे झाले, कारण तळघरातला पंप चालवायला कुणीतरी हवं. तीन वर्षं पाऊस थांबलेला नाही आणि आपल्या तळ्याला पाणी यायच्या वाटा सतरा, जायची एकही नाही (आपल्या घराण्यातल्या रागासारखं). मी रोज तळघर उपसून पाणी नळीने तळ्यात सोडतो, आणि तळं ते जमिनीखालून सावकाश मला परत करतं. शेजारचे बर्गलंडही हेच करतात. आता मला त्यातलं काही पाणी चेहऱ्याने ओळखू यायला लागलंय.

गेल्या गुरुवारी शाळेच्या व्यायामशाळेत नगरपालिकेची सभा झाली. तळं उपसायचं की नाही, एवढाच विषय. इंजिनियरने नकाशा टांगला (त्यात आपलं तळं टोपी घातलेल्या बदकासारखं दिसतं; त्या नादात त्याचं पहिलं अर्धं भाषण मी ऐकलंच नाही). खर्च अकरा लाख डॉलर, तोही सगळ्या गावाच्या करातून. पाणी जाणार खालच्या बकमन तळ्यात, म्हणजे तुमच्या दारात, आणि त्याबरोबर आमचं चिवट शेवाळही. घाईने उपसलं तर काठ खचतील. आणि एवढं करून पुढचा वसंत ओला गेला, तर पहिले पाढे पंचावन्न. खरं सांगू का, मला त्याचं पटत होतं. काठावरच्या घरमालकांचंही पटत होतं. स्वतःचं घर नसलं की माणसाला दोन्ही बाजू फार सहज पटतात.

मग नगराध्यक्षबाईंनी काठावरच्या नऊ घरांना एकेक करून विचारलं, तुमच्याकडे कितपत आहे? बोलायचं फक्त घरमालकांनी. बर्गलंडांची न्हाणी बंद होऊन महिना झालाय. ते उठून म्हणाले, "चालतंय. आधी इतरांचं बघा." पाण्याला दोन खोल्या सोडून दिलेल्या एक आजी म्हणाल्या, "तळ्याकाठी घर हवं हा हट्ट आमचाच होता." लोक हसले. मग मावशी उठली. तळघराच्या चार पायऱ्या पाण्यात, पाणी तापवायचं यंत्र बुडालेलं, अंघोळ किटलीतल्या पाण्याने. म्हणाली, "फारसं वाईट नाही. भाचा आलाय, त्यालाही काहीतरी काम हवंच होतं." चिटणिसाने लिहून घेतलं: घरं नऊ, तक्रार एकाचीही नाही. विषय वसंतापर्यंत पुढे ढकलला, आणि सगळ्यांनी कॉफीबरोबर लिंबाच्या वड्या खाल्ल्या.

परत येताना मी गाडीत ओरडलो. मावशी म्हणाली, "दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा, दुसऱ्याच्या तळ्यात आपली घाण सोडायची, आणि वर रडायचंही?" थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "बर्गलंडांचं तर माझ्याहून वाईट आहे." (बर्गलंड हेच आपल्याबद्दल म्हणतात.) तळघराच्या भिंतीला पोट सुटलंय. गवंडी बघून गेला. म्हणाला, हे पाणी थंडीत असंच गोठलं तर वसंतापर्यंत हे घर उभं राहणार नाही. मावशीने त्याला वडी दिली.

गुडघ्याला जपा.

तुमचा,
एमेट

ता. क. : इंजिनियर नंतर मला म्हणाला, एक स्वस्त वाट आहे. खाली एक कुरण आहे, तिथे खड्डा करून पाणी आधी गाळून घेता येईल, शेवाळ तिथेच अडेल. कुरणाच्या मालकाने लेखी होकार दिला तर विषय सोमवारी पुन्हा टेबलावर येतो. कुरण तुमचं आहे. मी काही मागत नाहीये, कुरण कुठे आहे एवढंच कळवतोय.

दुसरा ता. क. : मावशीला यातलं काही कळू देऊ नका. मी एकदाच तुमचं नाव काढलं. म्हणाली, "ऑर्विलला कशाला त्रास?" आजोबांच्या होडीवरून तुम्ही दोघं बोलत नाही त्याला अकरा वर्षं झाली, हे मला माहीत आहे. होडी अजून इथेच आहे. सध्या ती अंगणात तरंगते.

तिसरा ता. क. : अंगणात गाडी थांबली. गवंडी असेल म्हणून खिडकीतून बघितलं, तर छातीपर्यंतचे रबरी बूट घातलेले तुम्ही, काखेत पेपर. मावशीने दार उघडलंय. "अगं बाई, आज इकडे कसा? सहजच?" तुम्ही म्हणताय, "पेपरात सभेचं आलंय. हेडविग, तू 'फारसं वाईट नाही' म्हणालीस असं छापलंय. कोठार पेटलं होतं तेव्हा तू बाबांना 'जरा उकडतंय' म्हणाली होतीस. किती पायऱ्या?"

मावशी तळघराच्या दाराकडे बघते.

"पाच," ती म्हणाली. "सकाळपासून पाच." आणि मग, "कॉफी घेतोस?"

तुम्ही नको म्हणालात. तिने तिसऱ्यांदा विचारेपर्यंत तुम्ही हो म्हणणार नाही, आणि पत्र आता हातातच द्यायचंय, तेव्हा तेवढ्यात मी पाकिटावरचं पोस्टाचं तिकीट सोडवून घेतो.