लाल पट्ट्याचा खांब

६ डिसें. ७१
जर्मनीहून मधूचं पत्र. आईचे गुडघे कसे, माझा खोकला बसला का, सूनबाईला, सुमनला, जेवण जातं का, एकेकाची विचारपूस. तेव्हाच ओळखलं, पोरगा काही लपवून राहिला. होतंच. रात्री गाडी रस्त्याकडेला, दिव्याच्या खांबाखाली लावली अन् सगळे दिवे मालवून खोलीवर गेला. खांबावर लाल पट्टा होता. तिकडे त्याचा अर्थ, हा दिवा रात्रभर जळत नाही, गाडीचा बारका दिवा चालू ठेवा. याला काय माहीत. खांब विझला, एक म्हातारा सायकलसकट येऊन आदळला. पाय मोडला त्याचा.
केस झाली. दोषी ठरला तर ट्रेनिंग अर्धं टाकून परत.

७ डिसें.
सौ.चं एकच, "काहून मालवले दिवे?" अगं, पासष्टच्या लढाईपासून आपल्याकडे हेच नं. गाडी थांबली की आधी अंधार. हात आपोआप जातो.
सूनबाईच्या पोळ्या आज सगळ्या जाड.

९ डिसें.
ब्लॅकआउटचा भोंगा झाला. शेजारचे तिवारीजी शिट्टी घेऊन गल्लीत दिवे तपासून राहिले. त्यांना मधूचं सांगितलं. "भैया, यहाँ जलाओ तो मैं पकडूँ, वहाँ बुझाओ तो पुलिस. आदमी जाए कहाँ?" हसलो दोघंही. आत सुमन ऐकत होती, मग हसणं तिथंच...

१२ डिसें.
सुमन आज बोलली. "बाबा, परत आले तर बरंच नं. बाळाच्या वेळी इथं असतील."
म्हटलं, येऊ दे बेटा, पण मान वर करून.
"मान कशीबी असो. या म्हणा."
सातवा लागला तिला.

१५ डिसें.
दुसरं पत्र. म्हातारा एकटा जीव. मधू रोज दवाखान्यात जातो. भाषा जेमतेम, नुसता बसतो. म्हातारा कागदावर रस्त्यावरच्या पाट्या काढून त्याला शिकवतो म्हणे. निळ्या गोलात एक लाल रेघ, तर माणूस उतरवा अन् निघा. फुली असली तर थांबूच नका. पाय टांगलेला, तरी.
सौ.ने म्हाताऱ्याच्याही नावाने देवापुढे दिवा लावला.

१७ डिसें.
लढाई थांबली. सदर बाजारात झगझगाट, लोक उगाच हिंडून राहिले. पत्रं टाकून आलो. सुमनचं वेगळं, चिकटवलेलं. केसचं अजून काही नाही. मीही विचारलं नाही. लिहिलं एवढंच : मधू, ते आजोबा पाय टेकतात का, ते आधी कळव. लवकर लिही.