डॉयलभाऊंची मिठी आणि माझं रिव्हॉल्व्हर

कॉटन स्प्रिंग्ज, ओक्लाहोमा
गुरुवार, दुसरी कॉफी झाल्यावर

तीर्थस्वरूप ओपलताईस,

धाकट्या लव्हर्नचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण एकदा खाली गेले की मला वर काढायला शेजाऱ्यांना हाक मारावी लागते, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घे.) तुझा खांदा कसा आहे? भेंडीचं लोणचं मुरलं का? फोनच करणार होते, पण फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि ही हकिकत मध्ये न बोलता ऐकण्यासारखी आहे.

तू विचारलं होतंस की रोज जवळ बाळगायला एखादं छोटं, आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर घ्यावं म्हणते, तर कोणतं घेऊ आणि ठेवू कुठे. बरं झालं मला विचारलंस. या विषयात माझ्याइतकं पोळलेलं माणूस आपल्या नात्यात नाही.

सुरुवात झाली ती पलीकडच्या मर्लचं गवत कापायचं यंत्र चोरीला गेलं तेव्हा. चोरी मर्लकडे झाली आणि शिक्षा मला. डॅलसहून आमच्या कर्टिसचा फोन आला की आई, बाबा गेल्यापासून तू एकटी आहेस, आता घर विकायचं आणि आमच्याकडे यायचं. ताई, कर्टिस गुणी आहे, सूनही वाईट नाही, पण त्यांच्या घरात जेवताना माणसं आपापल्या फोनशी बोलतात आणि मला दिलेली खोली म्हणजे व्यायामाच्या यंत्राची अडगळ. तिथे गेले तर मी वर्षभरात वाळून जाईन. म्हणून मी ठणकावून सांगितलं की मी रिव्हॉल्व्हर घेते आणि इथेच राहते. बंदुका हा त्याचा जीव की प्राण, त्यामुळे तो विरघळला. पण अट घातली: ते कपाटात नाही, अष्टौप्रहर अंगावर हवं. नाहीतर डॅलस.

दुकानातल्या दाढीवाल्या पोराने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ गुलाबी रंगाचं काढलं. "काकू, हे खास लेडीजसाठी. हातात आहे हेसुद्धा कळणार नाही." खरंच पिसासारखं हलकं. मागच्या आवारात नेऊन एकदा उडवलं आणि हातात आहे हे मला कोपरापर्यंत कळलं. (नेम कशावर धरला होता ते आठवत नाही, पण लागला शेडच्या पत्र्याला.) तेव्हा ताई, पहिला नियम: हलकं घेऊ नकोस. हलकं हत्यार गोळीच्या धक्क्याने उसळतं आणि ती सगळी उसळी आपल्या मनगटात येते. बिडाचा तवा जसा चुलीवर ठाण मांडून बसतो तसं जड पोलादी हवं. मी तसंच घेतलं. पाच गोळ्यांचं, काळं, आणि मागचा घोडा आत झाकलेला, म्हणजे काढताना कुठे अडकत नाही. त्या पोराचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

घेणं सोपं, ठेवणं कठीण. आधी पर्समध्ये ठेवलं. कर्टिस परीक्षा घ्यायला आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मी चोर. चल, काढ." मी हात घातला तर कूपनं निघाली, मग पेपरमिंट, मग लोकरीचा गुंडा, आणि शेवटी मी मोठ्या आवेशाने त्याच्यावर चष्म्याची डबी रोखली. "मेलीस तू, आई," तो म्हणाला, आणि सोफ्यावर बसून पेपरमिंट खाल्लं. मग कमरेला लावलं. पण माझ्या विजारींना इलॅस्टिक, आणि ते हत्यार पोलादी. किराणा दुकानात घेवड्याच्या डब्यांसमोर दोघांनी एकदमच खालची वाट धरली. घोट्याला बांधून पाहिलं, पण घोट्यापर्यंत माझा हात पोचायचा तर चोराने खुर्ची आणून द्यायला हवी. शेवटी सुनेने एक रुंद पट्टा पाठवला, डाव्या काखेखाली, फासळ्यांवर घट्ट बसणारा. तो बसला, आणि असा बसला की आठवड्यातच मी त्याला विसरून गेले. इथेच घात झाला.

गेल्या वसंतात आमच्या चर्चमध्ये एक ठराव झाला. मूक प्रार्थना चालू असताना मर्लचं पिस्तूल खिशातून पडलं आणि घरंगळत थेट पियानोखाली गेलं, तेव्हा सगळ्यांनी एकमताने ठरवलं की देवाच्या दारात हत्यार आणायचं नाही. दारावर पाटी लागली. ठराव मांडला कुणी? या तुझ्या बहिणीने. मर्लला सगळ्यांदेखत झापलं ते वेगळंच.

आणि परवाच्या रविवारी मी तो पट्टा बांधून, त्याच पाटीखालून, गाणं गुणगुणत आत गेले. प्रार्थना संपल्यावर आमचे डॉयलभाऊ दाराशी उभे. चर्चचा सगळा कारभार त्यांच्याकडे, आणि त्यांची मिठी चुकवून आजवर कुणी घरी गेलेलं नाही. मिठी कसली, फासळ्यांची मोजदादच. मला कवेत घेतलं आणि त्यांचा हात एकदम थबकला. चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "लव्हर्नताई, ही गाठ केवढी मोठी आहे हो. डॉक्टरांना दाखवलीत का?"

खरं सांगायची वेळ तीच होती. पण समोर पाटी, पाटीशेजारी मर्ल, आणि मर्लच्या हातात माझ्याच घरचा केक. मी मान खाली घातली. आपल्याकडे आजारी माणसाने मान खाली घातली की काय होतं ते तुला सांगायला नको. दुपारच्या आत प्रार्थनेची साखळी सुरू झाली, या घरचा फोन त्या घरी. संध्याकाळपर्यंत माझ्या ओट्यावर कोंबडी-भात, भट्टीत भाजलेला घेवडा, जेलीतली गाजरं, आणि रडव्या चेहऱ्यांच्या बायका. त्यातल्या एकीने (नाव सांगत नाही, पण तिची जेली कधीच घट्ट होत नाही) माझं शिवणयंत्र पुढेमागे कुणाला द्यायचं ठरवलंय का, अशी चौकशीही केली. गाठ डॅलसला पोचेस्तोवर पपनसाएवढी झाली होती. कर्टिसचा फोन आला तेव्हा त्याला बोलताच येईना. एवढंच म्हणाला, "शनिवारी ट्रक घेऊन येतोय. सामान बांध."

म्हणजे बघ, ज्याच्या जोरावर घरात राहायचं, त्यानेच मला घराबाहेर काढलं. मी ठरवलं, काल बुधवारच्या प्रार्थनेला उभं राहून सगळं कबूल करायचं. रिव्हॉल्व्हर पिठाच्या डब्यात ठेवलं आणि मोकळ्या अंगाने गेले. तोंड उघडणार, एवढ्यात डॉयलभाऊंनी धीर द्यायला मिठी मारली. डावीकडे चाचपलं. उजवीकडे चाचपलं. मग दोन्ही हात वर करून ओरडले, "गेली! गाठ गेली!" पियानो सुरू झाला, माणसं उभी राहिली, मर्ल हमसून रडायला लागला. आता तूच सांग, त्या रडणाऱ्या माणसाला मी काय सांगणार होते? पुढच्या महिन्यात तीन तालुक्यांची मिळून मोठी प्रार्थनासभा आहे आणि त्यात या चमत्काराची साक्ष मी द्यायची असं ठरलंय.

घरी येऊन कर्टिसला मात्र फोनवर खरं सांगितलं. तो इतका हसला की सून धावत आली. आणि मग एकदम दुखऱ्या आवाजात म्हणाला, "आई, चार दिवस मला झोप नाही. हसतोय म्हणून सुटलीस असं समजू नकोस. रिव्हॉल्व्हर असो नसो, तू एकटी राहायचं नाहीस. शनिवारी येतोच." मला वाईट वाटलं, ताई. पोरगं खरंच घाबरलं होतं.

बाकी सर्व ठीक. पिकानची झाडं यंदा लगडली आहेत.

तुझी,
लव्हर्न

ता. क. चोराची भीती मला कधीच नव्हती. पण बिडाच्या तव्यात मक्याचा पाव एकटीपुरता होत नाही. अर्धा रोज पक्ष्यांना जातो, आणि ते दिवसेंदिवस माजत चालले आहेत.

ता. क. २. कर्टिस "एकटी" एवढंच म्हणाला. मी शब्द नीट ऐकून घेतला. पूर्वेकडची खोली झाडली आहे, उशा उन्हात टाकल्या आहेत, आणि त्याला सांगून टाकलंय की ओपलमावशी उद्यापासून इथेच राहायला येतेय. मर्ल वासरांच्या बाजाराला तुमच्याकडे येतोय, हे पत्र त्याच्याच हाती देतेय. त्याच्या ट्रकमध्ये तुझी ट्रंक मावेल. त्याला आत बोलावू नकोस, जेवायला बसेल आणि शनिवार उजाडेल.

ता. क. ३. म्हणून तू रिव्हॉल्व्हर घेऊच नकोस. एका घराला एक पुरतं.