कोल्लैंत जाऊन येतों

२ जून
पोचले एकदाची कुंभकोणमला! बार्शीपासून तीन गाड्या बदलल्या, तरी डब्यातल्या दशम्या अजून शाबूत आहेत. इथल्या मेलकावेरी भागात कृष्णरावांच्या घरी वरची खोली मिळाली. ते बँकेतून निवृत्त झालेत. त्यांच्या पत्नी अलमेलु, त्यांना मी मामी म्हणते. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेली तंजावरी मराठी माणसं; घरात मराठीच बोलतात, पण काय ती मराठी! "जेवलींस कीं?" असं विचारतात, आणि मला पणजोबांची पत्रं आठवतात. मी फिस्सकन हसले. माझी मराठी ऐकून त्याही हसल्या, त्यामुळे फिट्टंफाट झाली.
काम सोपं आहे. जवळच्या इन्नंबूर गावच्या शेतांतून पाण्याच्या मोटरी आणि तांब्याच्या वायरी चोरीला जातात. आमची कंपनी तिथं खांबांवर चेहरा ओळखणारे कॅमेरे बसवतेय. यादीतला साधा माणूस दिसला तर कॅमेरा गप्प बसतो, नुसती माझ्या फोनवर नोंद येते. नावापुढे चोरीचा शेरा असलेला दिसला तर खांबावरचा भोंगा वाजतो आणि गावातल्या प्रत्येक फोनवर सूचना जाते. यादी मी भरायची.

५ जून
आज शेवटची नावं भरली. मामींचे थोरले भाऊ सुंदर इन्नंबूरला एकटेच राहतात. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. दोनच दात, तरी सारखं हसू. रोज सकाळी खुरपं घेऊन सात नंबरच्या कॅमेऱ्यासमोरून जातात. कुठं, विचारलं तर म्हणाले, कोल्लैंत जाऊन येतों. नुसतं 'जातो' म्हणायचं नाही, हे आपल्यासारखंच. मला बाई फार बरं वाटलं.
कोल्लै म्हणजे परसबाग. जेवताना मामींनी बजावलं की ल म्हटलं तर परस आणि ळ म्हटलं तर दरोडा, कोळ्ळै. मी म्हटलं, मामी, बार्शीच्या पोरीला ळ शिकवताय होय? कृष्णरावांना हसता हसता ठसका लागला.
कोण कशाला जातं-येतं, हा शेरा यादीत इंग्रजी अक्षरांतच लिहावा लागतो. अण्णांच्या नावापुढे कोल्लै टाकलं. बाजूला एक लाल खूण आली. दीडशे नावं भरून डोळे शिणले होते. उद्या बघू म्हटलं.

९ जून
काय लिहू?
कॅमेरे आजच सुरू झाले. सकाळी सहा दहाला सात नंबरचा भोंगा वाजला. दरोडा, दरोडा, असं तमिळमध्ये ओरडत राहिला. सगळ्यांच्या फोनवर अण्णांचा हसरा फोटो गेला. माणसं काठ्या घेऊन धावली. अण्णा आधी थांबले म्हणे, हात जोडून काहीतरी सांगत होते. पहिली काठी बसल्यावर पळाले. बांधावरून पाय घसरला आणि डोकं पाटाच्या दगडी दारावर आपटलं.
मी पोचले तेव्हा त्यांच्यावर पंचा घातला होता. खुरपं हातातच होतं.

१० जून
कळलं. इंग्रजी अक्षरांत ल काय आणि ळ काय, एकच. यंत्रानं माझा शेरा दरोडा असा वाचला. लाल खूण तेच विचारत होती, नक्की का, म्हणून.
मी अण्णांचं नाव यादीतून पुसून टाकलं. पोलिसांनी विचारलं तर म्हटलं, यंत्रात काही चूक नाही.
हे मी बोलले. माझ्याच तोंडानं.

१५ जून
मामींकडे कुणी भेटायला येत नाही. गावाला वाटतं, मोटरी अण्णांनीच नेल्या. क्रियेला चौघंसुद्धा जमेनात. मामी मला म्हणाल्या, तूं तरी आहेस आमची. मी मान खाली घालून भात कालवत बसले. एका वाक्यानं अण्णांचं नाव धुऊन निघेल. ते वाक्य माझ्याकडेच आहे. पण नोकरी जाईल, तुरुंगात टाकतील, बार्शीला आई काय म्हणेल — सगळं माझंच आठवतं. थू माझ्यावर.

१८ जून
सहा दहाला फोन वाजला. ओळखीचा माणूस: सुंदर. कॅमेरा सात.
चित्रात नुसता बांध दिसतो.
यादी तपासली. नाव नाही. मीच पुसलंय ना —

१९ जून
सहा दहा. कॅमेरा चार. बांध रिकामा, पण रोपं वाकलेली, पाय पडावेत तशी.
मामींनी मागच्या परसात कॅमेरा लावायला सांगितला. कुणीतरी भिंतीवरून घाण टाकतं आणि 'तिरुडन', चोर, असं ओरडून पळतं. नाही कसं म्हणू? लावला. मामींनी शिडी धरली.

२१ जून
कॅमेरा एक. तो गावाबाहेर, रस्त्यावर. तिथून वाट सरळ इकडंच —
फोन बंद करून ठेवला तरी वाजला.

२२ जून
आज काहीच नाही. पूर्ण दिवस नाही. हे जास्त वाईट आहे.
मामींना सांगायला दोनदा खाली गेले. दोन्ही वेळा कॉफी पिऊन वर आले. लाज वाटते, लाज, आणि तरी तोंड उघडत नाही.

२३ जून, सकाळ
सहाला पाच कमी. आज सांगणारच. शब्द चुकायला नकोत म्हणून आधी इथं लिहिते: मामी, अण्णा चोर नव्हते. मी लिहिलं, मी तपासलं नाही, मी लपवलं —
खाली मामी उठल्यात. भांड्यांचा आवाज.
सहा दहा.
फोन आपणहून बोलतोय. ओळखीचा माणूस: सुंदर. जागा: कोल्लै. ल म्हणाला. स्वच्छ ल.
मागच्या दाराशी कुणीतरी — दोन दातांतून हवा जाते तसा आवाज —
"आलों."
मामींनी हाक दिली, अण्णा? कडी काढतायत —
मामी, थांबा, त्यांना विचारू नका, आधी माझं ऐका, मीच सांगते, मी —