आजोबांची फाईल आणि आत्याची पत्रं

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच वाकलो असं समज). तुझा गुडघा, भावोजींचा खोकला आणि आत्याचा कान, तिन्ही होते तिथेच असतील अशी आशा करतो. आपल्या वयात सुधारणा मागत नाहीत, आहे तेवढं टिकावं म्हणतात. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुमच्याकडे फोन आत्याच उचलते (तिला ऐकू येत नाही म्हणतात, पण नको ते तिला बरोबर ऐकू येतं).

आपल्या आजोबांच्या पलटणीचा इतिहास छापताहेत. त्यात आजोबांची तोफ यावी अशी मला हौस आली. ते तोफखान्यात होते हे आपण लहानपणापासून ऐकतोय. म्हणून मंगळवारी लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसात गेलो. पहिल्या खिडकीने दुसरीकडे धाडलं, दुसरीने आजोबा मयत असल्याचा दाखला मागितला, तिसरीने मी जिवंत असल्याचा. शेवटी तळघरातल्या एका खोलीत बसवलं. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या, ओल आलेली भिंत आणि चष्म्याला दोरी बांधलेला कारकून. मी एका खुर्चीत बसून समोरच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, तर तो म्हणाला, "ती रिकामी राहू द्या." कोणी येणार आहे का विचारलं. "नाही, पण रिकामी ठेवतो." मी पिशवी मांडीवर घेतली (मोठ्या माणसाने वाद घालू नये, विशेषतः तळघरात).

फाईल उघडली आणि पहिल्याच पानावर तोफ उडाली. हुद्दा: लेखनिक. अख्ख्या युद्धात आजोबांनी दौत-टाकाखेरीज काही हाताळलं नव्हतं. ज्या शिपायांना लिहिता येत नसे ते संध्याकाळी त्यांच्या तंबूत येऊन समोर बसत आणि घरचं पत्र सांगत. आजोबा उतरवून घेत. त्यात त्यांचे थोरले भाऊही असत, म्हणजे आत्याचे वडील.

पुढे चौकशीचे कागद निघाले. एका सकाळी नदी उतरताना तुकडीतले सहा जण वाहून गेले, त्यात आत्याचे वडील. लष्कराने सहाही घरी कळवलं. मग वर्षभर लष्कर कळवत राहिलं आणि घरची माणसं उलट लिहीत राहिली, की तुमची काहीतरी चूक होतेय, आमच्या माणसाचं पत्र कालच आलं. सगळ्या पत्रांचं अक्षर एकच, आजोबांचं. साहेबाने त्यांचा जबाब घेतला तो असा: "मी मनाचं काही लिहिलं नाही. ते नेहमीसारखे येऊन बसतात. सांगतात तेवढं उतरवतो. कपडे ओले असतात, म्हणून कागद लांब धरतो."

खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. म्हटलं, आजोबा थाप मारण्यातही नीटनेटके. मग साहेबाचा शेरा वाचला. त्याने घरोघर माणूस पाठवून मजकूर पडताळला होता. कोणी किल्ली कुठे लपवली, कोणी निघताना बायकोच्या कानात काय सांगितलं. "सर्व बरोबर. लेखनिकास हे कसे कळले याचा उलगडा होत नाही. यापुढे त्यास लेखनकाम देऊ नये." तेवढ्यात माझ्या हातातल्या पानाची पलीकडची कड दमट लागली. कारकुनाला दाखवली. "तळघर आहे," तो म्हणाला. मी मान डोलावली. समोर मात्र बघितलं नाही.

ताई, आत्याचं नाव तिच्या वडिलांनी पत्रातून सुचवलं होतं ना, त्या पत्राची तारीखही चौकशीत आहे. नदीनंतर सात महिन्यांची. आजोबा परतले तेव्हा भाऊ परतीच्या बोटीवर तापाने गेला असं सांगून मोकळे झाले. पुढे जन्मभर त्यांनी हातात लेखणी धरली नाही. वाण्याची यादीसुद्धा आजी लिहायची. मला वाटायचं, आळस.

आत्याला यातलं काही सांगू नकोस. ब्याऐंशीव्या वर्षी तिचे वडील तिच्यापासून काढून घेणारे आपण कोण?

तुझा,
धाकटा

ता. क. न सांगण्याचा प्रश्नच उरला नाही. फाईल परत करताना सहीची वही पुढे आली. माझ्याआधी एकतीस सह्या, सगळ्या आत्याच्या. आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षापासून दर वर्षी एक (डोळे तपासायला एकटीच जाते ना, ती इथे). 'कामाचे स्वरूप' या रकान्यात दर वेळी तेच: "आणखी पत्र आले आहे का, विचारणे."

ता. क. दुसरा. शेजारच्या रकान्यात कारकुनाचं उत्तर असतं. तीस वेळा 'नाही'. गेल्या महिन्यातल्या सहीपुढे 'होय, दिले'. कोणी आणून दिलं म्हणून विचारलं. म्हणाला, "मी फक्त नोंद करतो."

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहिण्याचं खरं कारण. आपल्या घरी एकूण चौदा पत्रं पोचल्याची चौकशीत नोंद आहे. आत्या अंघोळीला गेली की तिचा पत्र्याचा डबा उघड आणि मोज. वाचू नकोस. चौदा निघाली तर मला लगेच फोन कर. पंधरा निघाली तर झाकण होतं तसं लाव आणि फोन करू नकोस.