संमतीच्या दोन ओळी

कडा,
२८ ऑक्टोबर २०२५

विश्वेश्वरच्या पप्पांना मल्लम्माचा शरणार्थ.

इकडे सगळे बरे आहेत. कपिलधारला गारठा पडायला लागला असेल. कानटोपी घालत जा, मठात कुणी आठवण करून देणार नाही. दुकान विश्वेश्वर नीट सांभाळतो, फक्त गिऱ्हाइकाशी बोलताना मोबाइल खाली ठेवत नाही. सूनबाई प्रणिताला सातवा महिना लागलाय. तिला सारखं चिंचेचं सार हवं असतं. कांद्याची आवक वाढलीय, बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टरवाले आपल्या दारात पाय ठेवायला जागा ठेवत नाहीत.

मठात ये-जा करणाऱ्या जीवनच्या हाती पाठवलेली चिठ्ठी मिळाली. पुनवेला संकल्प घ्यायचा, संसार सोडून कायमचं मठात राहायचं, असं तुम्ही लिहिलंय. स्वामींनी बायकोची संमती मागितली. त्याच्यापुढं तुमचं वाक्य, "तुझी तर हायच, तू कवाच देवाची झालीस, तरी दोन ओळी लिहून दे." जीवन दुकानात आला की विचारतो, "काकू, लिवलं का?" मी म्हणते, चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावरच असतो.

फोन केला असता, पण तुम्ही स्पीकर लावून बोलता आणि अख्खी पंगत ऐकते. हे पत्र बाजूला जाऊन, एकट्यानं वाचा.

उन्हाळ्यात प्रणितानं मला नगरला बाई डॉक्टरकडे नेलं होतं. लघवीला जळजळ होते, एवढंच तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण डॉक्टरबाईंनी प्रणिताला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "मालकांजवळ असताना दुखतं का?" इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. आईनं नाही, बहिणीनं नाही. मी तिथंच रडायला लागले. त्या बाईनं घाई केली नाही, पाणी दिलं आणि थांबली.

मग तिनं समजावून सांगितलं. पाळी गेली की आतून कोरडं पडतं, कातडी पातळ होते, जवळ येताना आग होते, कधी रक्तही येतं. माझी पाळी लवकर गेली, म्हणून लवकर सुरू झालं. पुष्कळ बायकांना होतं म्हणाली, आणि त्याला औषध आहे. आत लावायचं मलम आहे. मी ते नेमानं लावते. जळजळ गेली, बसता-उठता त्रास व्हायचा तोही गेला. ती आणखी म्हणाली, नवरा-बायकोनं आधी बोलावं, एकमेकांना वेळ द्यावा, दुखलं तर थांबावं. मी मान हलवली. घरी येऊन बघते तर तुम्ही मठात जायची पिशवी भरत होता.

आता मुख्य गोष्ट.

पाळी गेली त्या वर्षी श्रावणात मी सोमवारचं व्रत धरलं. वेगळं निजायचं, असं मीच तुम्हाला सांगितलं. श्रावण सरला तरी मी देवघरातच निजत राहिले. मग कार्तिकाचं धरलं, मग शिवरात्रीचं, मग अनुष्ठानाचं. महादेवानं यातलं काहीसुद्धा मागितलं नव्हतं. मला दुखत होतं. इतकं, की तुम्ही दिवा मालवायला उठलात तरी माझं अंग आखडायचं. हे नवऱ्याला कसं सांगायचं ते मला येत नव्हतं, आणि देवाचं नाव घेतलं की तुम्ही पुढं काही विचारत नव्हता.

एकदाच विचारलंत. दुकानाच्या पायरीवर बसून, माझ्याकडं न बघता. "माझं काई चुकलं का?" मी म्हटलं, "तुमचं काई न्हाई, देवाचं हाय." त्यानंतर तुम्ही चहाची कपबशीसुद्धा माझ्या हातातून घेतली नाहीत. मी ती ओट्यावर ठेवायची, मी बाजूला झाले की तुम्ही उचलायचा. माझं व्रत मोडू नये म्हणून. एवढा भला माणूस कुणाच्या नशिबी असतो? आणि मी भिंतीकडं तोंड करून रडायची. तुम्हाला वाटायचं, जप चाललाय.

गावानं तर मला माता म्हणत पार देव्हाऱ्यात बसवलं. शेजारची केसरबाई येता-जाता पाया पडते, सुनेला माझ्या हातून कुंकू लावून घेते. आधी मला हसू यायचं. आता चीड येते. पाया पडणाऱ्या बायांत माझ्यासारखं दुखणं किती जणी पोटात घेऊन येतात, कुणास ठाऊक. मी त्यांना विभूती देते. नगरच्या डॉक्टरबाईचा पत्ता द्यायला पाहिजे.

आणखी एक लिहिते, वाचून हसू नका. मला तुम्ही जवळ आलेले आवडायचं. लग्नानंतर तुम्ही भर दुपारी दुकान सोडून आत यायचा. मामंजी विचारायचे, "कामून आलास रं?" तुम्ही म्हणायचा, "पानी प्यायला." त्या उन्हाळ्यात किती पाणी प्यालात! सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. तुम्ही जिच्यासाठी आत यायचा, ती बाई मीच होते. ती कुठं गेली नव्हती हो. ती दुखण्याला भीत होती, तुम्हाला नाही.

म्हणून मी संमती देत नाही. स्वामींना सांगा, बायको नको म्हणते. कारण विचारलं तर हे पत्र दाखवलंत तरी चालेल. मला लाज वाटायची तेवढी वाटून झाली.

तुम्ही घरी आलात की सगळं पहिल्यासारखं होईल, असं मी लिहिणार नाही. डॉक्टरबाई म्हणाली, वेळ लागतो, पुन्हा दुखूही शकतं. या सगळ्या वर्षांत तुमच्याही मनाचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. तुम्ही माझ्या व्रतापायी स्वतःला आवरत गेलात आणि आवरता आवरता तुमची इच्छाच मेली असेल, तर? रोज स्वयंपाक करताना हाच विचार येतो आणि भाकरी करपते.

तसं झालं असेल तर तसं सांगा. देवच हवा असेल, मी नको असेन, तर मी तोंडातून शब्द काढणार नाही, पुनवेला येऊन संमती देईन. पण ते समोर बसून सांगा, जीवनच्या हाती चिठ्ठी पाठवून नाही. आणि सांगायच्या आधी एकदा माझा हात हातात घ्या. मग काय ते ठरवा.

गावाची माता नव्हे, तुमची बायको,
मल्लम्मा