सीतादहीचा फोटो

१२ ऑक्टोबर २००८
नवी वही. संकल्प पहिला: चिडायचं नाही. डॉक्टरांनी बीपीपायी सांगितलं आहे. संकल्प दुसरा: प्रमाण मराठीत लिहायचं.
'वऱ्हाडकोश'चं चित्रखातं आजपासून माझ्याकडे. इंटरनेटवरचा कोश आहे. वऱ्हाडाबद्दल वऱ्हाडच्याच लोकांनी लिहायचं, कोणीही फुकट वाचायचं. चालवतात अलीझा मॅडम, अमरावतीला ग्रंथपाल आहेत. १६ नोव्हेंबरला तिथं उद्घाटन. मोठ्या पडद्यावर 'कपाशी' हे पान उघडणार, वर फोटो, खाली फोटो काढणाऱ्याचं नाव. ते नाव भगवंतराव म्हैसने असणार. अकोल्याच्या स्टँडवर मी जन्मभर माइकवरून गाड्या सोडल्या. आवाज सगळ्यांनी ऐकला, माणूस कोणी पाहिला नाही. आता पाहतील.

१३ ऑक्टोबर
लाइट आल्याबरोबर बसलो. गूगलवरून ढीगभर फोटो उतरवले आणि कोशात चढवले. एका बैठकीत खातं संपवलं. मॅडम यासाठी महिना देऊन राहिल्या होत्या. काम असं असते.

१४ ऑक्टोबर
मॅडमनं सगळे उडवले. एक ठेवला नाही.
मॅडमचा फोन. म्हणे, काका, नेटवरचे फोटो कोणाचे तरी असतात, न विचारता घेता येत नाहीत. मी म्हटलं, चव्हाट्यावर ठेवलं ते सगळ्यांचं. म्हणे, रस्त्यावर बिनकुलपाची सायकल दिसली तर घरी आणता का? मी म्हटलं, सायकलची गोष्ट वेगळी. कशी वेगळी ते त्यांनी विचारलं. फोन कट झाला. मीच केला.
परत फोन करून वर म्हणे, कपाशीचा फोटो अमेरिकेतला होता, मागं लाल मशीन उभी होती. मी म्हटलं, कापूस तो कापूस. म्हणे, काका, बार्शीटाकळीत अशी मशीन कोणाच्या वावरात आहे?
बीपी वाढला. त्याला जबाबदार कोण, हे डॉक्टरांनाच विचारीन.

१७ ऑक्टोबर
तोड काढली. पेपरातला फोटो स्कॅन केला. पेपर मी विकत घेतो, म्हणजे फोटोचे पैसे दिलेच. संध्याकाळी तोही उडाला.
मॅडमनं नियम समजावून सांगितला. एक तर फोटो स्वतः काढा, नाहीतर काढणाऱ्याची लेखी परवानगी आणा. इतक्या सावकाश सांगत होत्या, जसं काही मी पहिलीत आहे. राजीनामा लिहिला. टाकला नाही. त्या मंजूर करतील, काही नेम नाही.

१९ ऑक्टोबर
आता स्वतःच काढणार. मुलानं, अमोलनं, पुण्याहून पाठवलेला डिजिटल कॅमेरा आहेच. जठारपेठेत फिरून भरपूर काढले. निम्म्यांत माझा अंगठा, बाकीच्यांत काळोख. कॅमेऱ्यात दोष आहे. अमोलची आई म्हणे, द्या इकडे, पाहू. म्हटलं, ही मशीनरी आहे, पोळपाट नाही.
ती चहा ठेवायला गेली. चहात साखर मात्र नव्हती.

२६ ऑक्टोबर, भावाच्या गावी
बार्शीटाकळीजवळ मोठ्या भावाचं वावर. आज तिथं सीतादही होती. कापूस वेचायला लागण्याआधी बाया वावरात पूजा करतात, दहीभात ठेवतात, मग पहिलं बोंड काढतात. मी म्हटलं, फोटोला यापेक्षा चांगला दिवस नाही.
माझा प्लॅन पक्का होता. दिल्ली-मुंबईचे पेपरवाले दोन वर्षांपासून गाड्या घेऊन येतात, रडणाऱ्या बायांचे फोटो काढून जातात. सगळीकडे तेच छापून येते. मग आपला फोटो त्यांच्याहून दुःखी पाहिजे. पार्बतावहिनीला सांगितलं, कपाळाला हात लावून बांधावर बसा, तोंड पाडा.
वहिनी म्हणे, काहून? आज सीतादही हाय, लक्ष्मी घरी येऊन राहिली, आन मी तोंड पाडू? म्हटलं, वहिनी, संकट दिसलं पाहिजे. म्हणे, संकट मले रोज दिसते भाऊजी, त्याले फोटो नाई लागत. रडाचं असलं की मी रडतो, तवा कोनाले बोलावत नाई.
सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. अशा लोकांचं भलं कोण करणार? माह्यं डोस्कं फिरलं. प्रमाण मराठी गेली खड्ड्यात, मले राग वऱ्हाडीतच येते.
कॅमेरा अमोलच्या आईच्या हातात कोंबला. म्हटलं, निदान माझा तरी काढ, कपाशीत उभा राहतो, मागं पूजा दिसू दे. उजवीकडे सरक, खाली बस, कॅमेरा वाकडा धरू नको, असं सारखं सांगावं लागलं. ती ऐकतच नव्हती. नुसती बटण दाबून राहिली होती.

३० ऑक्टोबर
दिवाळीच्या गडबडीत आज फोटो पाहिले. एक तर असा की मी उठून उभा राहिलो. वहिनीच्या एका हातात दह्याची वाटी, दुसऱ्या हातात पहिला कापूस, आणि वहिनी पोटातून हसून राहिली. डाव्या बाजूला मी, हात वर, तोंड उघडं. मार्गदर्शन करताना.
चढवला. 'हे माझे स्वतःचे काम आहे' यावर खूण केली. कॅमेरा माझा, वावर भावाचं, बायको माझी. कायदा यापेक्षा साफ नसतो.

२ नोव्हेंबर
मॅडमचा फोन. म्हणे, काका, सुंदर फोटो, उद्घाटनाच्या पानावर हाच लावू. छाती भरून आली. मग म्हणे, पण तुम्ही तर फोटोत आहात, काढला कोणी? मी म्हटलं, टायमर. म्हणे, काका, टायमर तुमच्या मागं-मागं वावरात फिरला का?
सांगावं लागलं. म्हणे, मग हक्क काकूंचा. परवानगी त्यांची, नाव त्यांचं.
फोन ठेवून म्हटलं, उद्या म्हणतील, गहू तुम्ही आणता पण पोळी काकूंची. स्वयंपाकघरातून आवाज आला, माहीच हाय. पातळ भिंती. घर बांधताना ठेकेदारानं लुटलं.

५ नोव्हेंबर
परवानगीचा कागद प्रिंट करून आणला. नावाच्या जागी लिहिलं 'अमोलची आई'. मॅडमनं परत पाठवला. म्हणे, काकूंचं स्वतःचं नाव पाहिजे. म्हटलं, आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही, उखाण्यातसुद्धा मी ओढूनताणून घेतलं होतं. म्हणे, घेऊ नका काका, लिहा.
अमोलच्या आईला म्हटलं, भानगड नको, फोटो मीच काढला असं लिहून दे. तिनं कागद दोनदा वाचला. विचारलं, सही केली तर काय होते? म्हटलं, जगात कोणीही वापरू शकते, कापू शकते, छापू शकते, फक्त काढणाऱ्याचं नाव द्यावं लागते. म्हणे, म्हणजे माह्यं? म्हटलं, हो, पण.
म्हणे, तुमी स्टँडवर आख्ख्या वऱ्हाडातल्या गावांची नावं घेतली. माह्यं कोनी कुठंच नाई लिहिलं. हे मी लिहितो.
आणि सही केली. वच्छला म्हैसने. अक्षर बरं आहे.
मी रागानं जेवलो नाही. मग जेवलो. फोटोत मी आहेच, नाव कोणाचंही असो. लोक माणूस पाहतात.

१६ नोव्हेंबर, अमरावतीहून परतल्यावर
हॉल भरलेला. नवा सदरा घालून अमोलच्या आईसोबत पहिल्या रांगेत बसलो. पान उघडलं. पडद्यावर वहिनी, दही, कापूस. डाव्या बाजूला मी नाही. हातही नाही. खाली, छायाचित्र: वच्छला म्हैसने. टाळ्या थांबता थांबेनात. मॅडमनं तिला उभं केलं.
बाहेर आल्यावर विचारलं, मले काहून कापलं? म्हणे, मॅडमनं इचारलं होतं, मी हो म्हटलं. वयनी हासून राहिली होती आन तुमी वरडून राहिले होते. म्हटलं, मले विचारायचं होतं. म्हणे, तुमाले काहून? फोटो माहा.
एस.टी.त तोंड मिटून बसलो. मूर्तिजापूरच्या पुढं ती म्हणे, असेच बसा, तोंड मिटलेलं चांगलं दिसते. आणि एक काढला. दाखवला. खरंच चांगला आला आहे. इतका चांगला माझा फोटो कोणी काढला नव्हता. मी विचारलं, हा टाकतेस का कोशात?
म्हणे, नाई. याची परवानगी मी कोनालेच देत नाई.
म्हणजे कोशात मी अजूनही नाही.