कढईचे कान

४ जानेवारी २००४

पोपटला कंपनीतून डायरी मिळाली. पोपट म्हणजे माझा मुलगा — नाव पोपट, पण उडत नाही, रांजणगावला कंपनीच्या बसनं जातो. त्याला लिहायला सवड नाही, मला लिहिता येत नाही. सून कामात. तेव्हा ठरलं असं की मी बोलायचं आणि नात सायलीनं लिहायचं. मी ‘हाय’ म्हणते, ती ‘आहे’ लिहिते. लिहू दे. अकरावीला शिरूरच्या कॉलेजात जाते, तिचं शुद्धच असणार.

“आज्जे, पहिल्या पानावर काय घालू?”

तुझीच तक्रार घाल! सोळा वर्षांची घोडी, आणि केस सदा कानावरून ओढलेले. थंडीत एकवेळ ठीक. पण भर उन्हाळ्यात? आमच्या कवठे गावातलं ऊन म्हणजे भाकरी भाजेल असं. मानेला घामोळं आलं तरी अंबाडा घालत नाही.

इथं पोरीचा हात थांबला. लिही गं! तुझंच आहे म्हणून हात थांबवू नको.

९ जानेवारी

कळलं.

कॉलेजात पोरं हिला ‘कढई’ म्हणतात. दोन बाजूला दोन कान, धरा आणि चुलीवर चढवा!

खरं सांगते, मला आधी हसू आलं. कान माझेच ना ते! माझी सासू चारचौघींत म्हणायची, “झुंबरला सूप देऊ नका, नुसती मान हलवली तरी बाजरी पाखडून व्हती.” मीही हसायचे. लोकांच्या आधी आपण हसलं की त्यांच्या हाती काही राहत नाही.

सायली हसली नाही. पानावर टपकन पाणी पडलं. अक्षर फुगलं म्हणते.

१० जानेवारी

रुसली आहे. तरी लिहिते आहे. असा गडी मिळायला नशीब लागतं.

१८ जानेवारी

पेपरात आलंय म्हणे. बाहेर आलेले कान डॉक्टर मागं बसवतात. प्लास्टिक सर्जरी. मी विचारलं, प्लास्टिक कुठं घालतात? कुठंच नाही. कानामागं चीर द्यायची, आतलं मऊ हाड वळवायचं, टाके घालून डोक्याजवळ आणायचं. शिंपी ढगळ झंपर आत घेतो, तसा कान आत घ्यायचा! मी ऐकतच राहिले. माणसाची जात कुठवर पोचली!

जेवताना विषय निघाला. पोपट तडकला.

“सोळा वर्साच्या पोरीच्या अंगाला सुरी लावायची? न्हाई. लगीन हुंदे, मग तिचा नवरा बघंल.”

“कान तिचं, आन् बघणार नवरा?” मी म्हणाले.

“आये, देवानं दिलेल्या अंगात हात घालू नये.”

“बाराव्या दिवशी सोनार घरी आणलास. कानाला भोकं पाडलीस. तवा देवाला इचारलंवतंस व्हय रं?”

“ती रीत हाय.”

“व्हय व्हय. भोक पाडलं की रीत, टाका घातला की पाप!”

तेवढ्यात सूनबाई बोलली. आता हे लिहून ठेवण्यासारखंच. माझी सून दौंडकडची. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं सुबक गोंदण — ते बघूनच मी हिला पसंत केली होती, बाकी काही विचारलंसुद्धा नाही. आणि लाजाळू किती! इतकी वर्षं झाली, बोलताना पदर हनुवटीवरून खाली येत नाही. सगळ्या आळीला मी कौतुकानं सांगते. तर ही पदराआडून म्हणते,

“दौंडला शिबिर हाय. पुण्याचं डाक्टर येणारेत. दादा सांगत व्हता. जाऊन तर येऊ.”

पोपटचा घास तोंडाशी राहिला. माझासुद्धा.

२ फेब्रुवारी

सायलीनं माझ्या हातावरचं गोंदण बघितलं. इतकी वर्षं बघते, आज विचारलं. कधी काढलं? म्हटलं, अकरा वर्षांची होते. गोंदणारीण आली. दोघींनी दंड धरले, एक पायावर बसली. गोंदणारीण गाणं म्हणत होती. माझं रडं तिच्या गाण्यापेक्षा वरच्या सुरात. पण गोंदलं म्हणून तर सासरी हातचं पाणी चाललं. बिनगोंदणाच्या सुनेच्या हातचं तेव्हा पीत नव्हते.

“तुला विचारलं होतं का, आज्जे?”

मी म्हटलं, खोंडाला विचारून वेसण घालतात का?

हसले. पण चहा गार होईस्तोवर तो पेला तसाच हातात राहिला.

८ फेब्रुवारी, रविवार

आज बोलायला फार आहे. सायली म्हणते हात दुखेल. दुखू दे.

सकाळीच शिरूरहून न्हावऱ्यावरून दौंडची एस्टी धरली. मी, सायली, सूनबाई आणि पोपट. पोपट आला तो नाही म्हणायलाच आला होता, पण आला. शिबिर एका मंगल कार्यालयात. स्टेजवर लाल खुर्च्या, त्यांवर डॉक्टर बसलेले. माळा अजून लटकत होत्या. अक्षता तेवढ्या वाटायच्या राहिल्या होत्या!

पण माणसं बघितली आणि माझी जीभ आपोआप आत गेली. ओठ दुभंगलेली तान्ही लेकरं. मशीनमध्ये हात सापडलेला एक बापई माणूस. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक पोरगी — मान उंच करून वर टांगलेल्या पंख्याकडं बघत बसलेली. बघतेय, बघतेय. मी म्हटलं, पंख्यात काय हाय गं?

“पंखा हाय आज्जी. तीन वर्सांनी बघितला.”

शायना नाव. दौंडचीच, रेल्वेच्या चाळीतली. वय सतरा. चौदाव्या वर्षी स्टोव्ह भडकला. हनुवटी छातीला चिकटली ती चिकटलीच. तीन वर्षं नुसती जमीन बघितली, आणि माणसांच्या चपला. मग ह्या डॉक्टरांनी मांडीचं कातडं काढून गळ्याला लावलं. लागलं! धरलं!

“हात लावून बघा. घाबरू नका. मांडीचं हाय, पर आता गळ्याचं झालं, लाजायचं काम न्हाई.”

मी हात लावला. ऊन होतं. खाली शीर उडत होती. शेतात रोप एका वाफ्यातून उपटून दुसऱ्यात लावतो, ते मला माहीत आहे. पण माणसाच्या अंगावर? कुणा बाईच्या पोटच्या पोरानं शिकून शिकून हे केलं! माझ्या अंगावर काटा आला. अजून आहे. सायली, लिही — अजून आहे.

मग शायना सायलीला म्हणाली, “तू कशाला आलीस?”

आमची पोर मान खाली घालून म्हणते, “आजीला घेऊन आलेय.” माझ्यावर ढकललं!

शायना काही दुधखुळी नाही. “केस वर कर बघू.”

सायलीनं केले. शायनाचा उजवा कान जळून गेलेला, तिथं नुसती गाठ. ती बघतच राहिली. मी मनात म्हटलं, आता बोलणार — जा घरी, तुला काय धाड भरलीय? खरं तर मलाही तेच ऐकायचं होतं. पोरीचं खूळ फुकटात गेलं असतं.

शायना म्हणाली, “इकडं एक बी न्हाई, आन् तुझं येवढालं! कापशील तो तुकडा मला दे.”

दोघी अशा हसल्या की स्टेजवरचे डॉक्टर वळून बघायला लागले.

“कापत नाहीत गं, मागं वळवतात,” सायली म्हणाली.

“मंग वळव की. पर लोकांची तोंडं मिटायला वळवू नको, ती मिटत न्हाईत. आधी म्हनायचे, बिचारी मान वर करत न्हाई. आता म्हनत्यात, लई मान वर करून चालती.”

आमचा नंबर आला. डॉक्टरीणबाई नवरीच्या खोलीत बसलेल्या. भिंतीला आरसा, आरशाच्या कडेला आधीच्या नवरीमुलींनी काढून चिकटवलेल्या टिकल्या. बाईंनी कान मोजले, दाबले, वळवून पाहिले. मग पोपटला म्हणाल्या, “तुम्ही जरा बाहेर थांबा. आई, तुम्हीही.” पोपटचं तोंड बघण्यासारखं झालं. सूनबाई दारात थबकली, काहीतरी विचारणार होती, पण पदर सावरून गेली. माझे गुडघे धरले होते, मी हलले नाही. अडाणी म्हातारी म्हणून मला कुणी मोजलंही नसेल.

बाई म्हणाल्या, “आता सांग. तुला काय हवंय?”

सायलीनं माझ्याकडं पाहिलं.

“आजींकडं नको बघूस. उद्यापासून कुणीच चिडवलं नाही, असं समज. मग?”

बाईंनी घाई केली नाही. बाहेर मालगाडी गेली, तिचे सगळे डबे गेले.

“तरी हवंय. मला केस बांधून पळायचंय. मी खो-खो सोडला. पळताना केस मागं जातात.”

आम्हाला घरी सांगितलं होतं, पाय दुखतात!

बाई म्हणाल्या, कानाची वाढ झाली आहे, करता येईल. पण पू होऊ शकतो, दोन कान तंतोतंत सारखे होतीलच असं नाही, मागं व्रण राहील. आईवडिलांची सही लागेल. “आणि आज मी हो म्हणणार नाही. परीक्षा होऊ दे. तेव्हाही हेच वाटलं तर पुण्याला ये. नको वाटलं, तर तेही सांगायला ये.”

दारी आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारी बाई मी पहिल्यांदा बघितली.

मांडीचं कातडं गळ्याला लागतं, ह्याचं नवल केवढं! पण येताना एस्टीत माझ्या डोक्यात दुसरंच फिरत होतं. नवरीच्या खोलीत बसवून पोरीला विचारलं — तुला काय हवंय? आणि उत्तर येईस्तोवर थांबल्या. असं आम्हाला कुणी विचारलं असतं, तर काय सांगावं हेसुद्धा कळलं नसतं.

९ फेब्रुवारी

“बापाला भाईर काढती!” असं पोपट काल एस्टीत म्हणत होता. आज बसला जाताना चपला घालता घालता थांबला.

“आये, तिनं खो-खो सोडला व्हय?”

एवढंच. गेला.

२८ मार्च

परीक्षा चालू. तरी मी दोन ओळी सांगतेच. माझं मत कुणी विचारत नाही, म्हणून वहीला सांगते. मला नको वाटतं. भीती वाटते सुरीची. आणि दुसरं — कान माझे आहेत. माझ्या आईचे होते. पोरीचे आत गेले की घरात मी एकटी कढई.

सायलीनं मान वर केली. “आज्जे, हे लिहू?”

लिही. मला नको वाटतं हे खरं. आणि कान तुझ्या डोक्याला आहेत, हेही खरं. दोन्ही लिही.

२ मे

पुण्याला जाऊन आले. पोरीचा जबाब तोच. पोपटनं सही केली. पेन कंपनीचंच.

११ मे

झालं. डोक्याला हा मोठा पांढरा फेटा! मी म्हटलं, पाटील, घोडं कुठं बांधलं? हसली, आणि हसल्यावर टाके दुखले म्हणून रडली. आज चार ओळीच.

२३ मे

फेटा उतरला. मी हातानं चाचपून बघितलं, डोळ्यांवर भरवसा नव्हता. खुराड्यात कोंबडी पंख मिटून बसते तसे दोन्ही कान बसलेत. डावा किंचित बाहेर, उजव्यापेक्षा. बाईंनी सांगितलंच होतं. मागं लाल रेघ. बस! एवढ्या रेघेतून एवढं केलं!

सायलीनं तिथंच, माझ्यासमोर, केस वर घेऊन गच्च बांधले. मान किती लांब आहे पोरीची! आम्ही कधी बघितलीच नव्हती.

मग आरशात माझ्याकडं बघून म्हणते, “आज्जे, तुझ्यासारखे राहिले नाहीत गं.”

मी म्हटलं, माझं बोलणं ऐकू येतंय ना? मग माझेच आहेत.

२७ जून

कॉलेज सुरू. सायली खो-खोला गेली. आज सूनबाई लिहिते आहे. सातवी झालेली आहे, अक्षर सायलीपेक्षा गोल, असं सायलीच म्हणते. मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

काय सांगावं सुचेना. म्हणून गमतीनं डॉक्टरीणबाईंचा आवाज काढला. “आता सांग. तुला काय हवंय?”

पेन थांबलं. मीही थांबले, बाईंसारखी.

तिनं पदर खाली घेतला.

“आत्याबाई, हनुवटीवरचं हे जातं का हो पुसून? नऊ वर्सांची व्हते मी. मला नको व्हतं.”

लिही गं, म्हटलं. तेच लिही.